बाई, पाऊणकी येते का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात एका कंपनीत हिशेबाचे काम करतो. येत्या नोव्हेंबरपासून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन एका स्वयंसेवी संस्थेतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका मुस्लिम मच्छीमार गावात गणित आणि मराठी शिकवायला जाणार आहे. आजवर कोणा मुस्लिम कुटुंबाच्या घरी जाण्याचा प्रसंग आलेला नाही आणि समुद्राशी संबंध सहलीपुरताच. संस्थेने पहिला दिवस 'गावाची ओळख करून घेण्यासाठी' मोकळा ठेवला आहे आणि घरोघरी जाऊन भरण्यासाठी बावीस प्रश्नांचा एक तक्ता दिला आहे. या एका दिवसात नेमके काय करावे, कोणाला भेटावे आणि काय टाळावे?

उत्तर : तक्त्यापासूनच सुरुवात करते, कारण तो पहिल्या दिवशी पिशवीतून बाहेर काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते अशी दोन चक्रीवादळे या किनाऱ्याने लागोपाठ पाहिली. त्यानंतर कागद-पेन घेऊन दारोदार फिरणारी जी माणसे आली, ती नुकसानीचे पंचनामे करण्यासाठी. घरात माणसे किती, होडी स्वतःची की दुसऱ्याची, जाळी किती, असे अनोळखी माणसाने विचारून लिहायला सुरुवात केली, की ऐकणाऱ्याच्या मनात भरपाईची आशा तरी जागी होते, नाहीतर हा कागद कोणाच्या हाती जाणार अशी धास्ती तरी वाटते. दोन्हींपैकी काहीही झाले तरी शिक्षकाचे काम अवघड होऊन बसते.

हे शहाणपण मला आधीपासून होते असे नाही. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर मी तीन वर्षे अशाच एका गावात शिकवायला जात असे आणि पहिल्या दिवशी माझ्याही पिशवीत तसाच तक्ता होता. तो दिवस कसा गेला ते थोडे सविस्तर लिहिते, म्हणजे मुद्दे वेगळे काढून सांगावे लागणार नाहीत.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. एसटीने मी साडेनऊच्या सुमारास गावात उतरले आणि थेट जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत गेले. तिसरी-चौथीच्या वर्गाच्या हजेरीपटावर तेवीस नावे होती आणि वर्गात मुले होती सात. बाकीची कुठे आहेत असे विचारल्यावर तिथल्या शिक्षकांनी अगदी सहजपणे सांगितले, "आज सकाळची ओहोटी आहे ना." अनेक वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाला गैरहजेरीची सगळी कारणे तोंडपाठ असतात, लग्न, ताप, मामाचे गाव, शेतीची कामे, त्या यादीत ओहोटी नव्हती. मला ती सबब वाटली आणि थोडा रागही आला. तशीच मी उतरणीच्या पाखाडीवरून खाली खाडीवर गेले.

खाडीचे पाणी इतके मागे गेले होते, की होड्या चिखलात कुशीवर कलंडून पडल्या होत्या. उघड्या पडलेल्या वाळूमिश्रित गाळात वीस-पंचवीस बायका आणि माझ्या वर्गातली बरीचशी मुले वाकून मुळे काढत होती. ज्यांना मुळे माहीत नसतील त्यांनी तिसऱ्यांचे, म्हणजे खायच्या शिंपल्यांचे, भावंड समजावे. गाळाच्या पृष्ठभागावर मुळ्याच्या श्वासाचे बारीक छिद्र दिसते, ते हेरायचे, लोखंडी सळीच्या वाकवलेल्या टोकाने शेजारी खरवडायचे आणि दोन बोटांनी शिंपला उचलून टोपलीत टाकायचा. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हे इतक्या वेगाने करत होती, की छिद्र तिला कधी दिसले हे मला कळेपर्यंत तिची टोपली वाजलेली असे. तिच्या आईने मला पाहून पदर सारखा केला आणि काय हवे असे विचारले. मी शिकवायला आले आहे असे सांगताच ती हसली आणि म्हणाली, "मग थांबा बाई, पाणी आले की पोरे येतील."

पाणी कधी येईल हे मी धक्क्यावर फाटलेले जाळे सांधत बसलेल्या एका वृद्ध तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांना, विचारले. पन्नासेक वर्षे दर्यावर काढून ते आता घरी बसले होते. त्यांनी वर न पाहता "पावणेचारला भरेल" असे सांगितले. घड्याळ नाही, मोबाइल नाही, वर्तमानपत्र नाही, मग हे कसे कळले असे विचारल्यावर त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले.

"तुम्ही कुठला विषय शिकवता?"

"गणित."

"मग बाई, पाऊणकी येते का?"

पावकी, निमकी, पाऊणकी ही पाव, अर्धा आणि पाऊण या अपूर्णांकांच्या पाढ्यांची पाठांतरे आमच्या आधीच्या पिढीच्या शाळेत होती. मला पाऊणकी दहापर्यंत येत होती आणि पुढे चाचपडावे लागत होते, हे मी कबूल केले. त्यांनी लहानपणी मराठी शाळेत दोन-तीन वर्षे काढली होती आणि तेवढ्यात शिकलेली पाऊणकी त्यांनी आयुष्यभर वापरली होती. चांदाची चौथी तारीख होती. चांद दिसल्यावर महिना लागतो, त्यामुळे मुस्लिम तारीख हिंदू तिथीच्या एक पाऊल, क्वचित दोन पावले मागे असते. म्हणून चारात एक मिळवायचा, झाले पाच. पाच पाउणे पावणेचार, ही पूर्ण भरतीची वेळ. त्यातून सहा तास वजा केले, की पावणेदहा, ही ओहोटीची. मी उतरले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि शाळा का रिकामी होती याचे उत्तर मला धक्क्यावर बसून तोंडी गणितात मिळाले होते.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हा ठोकताळा कोकणात हिंदू आणि मुस्लिम दोघेही दर्यावर्दी वापरतात. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, एवढेच त्यामागचे शास्त्र. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दुसरा पक्ष लागला की मोजणी पुन्हा एकापासून. अर्ध्यापाऊण तासाची चूक होते, पण होडी खाडीत आणायला तेवढा अंदाज पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार मंदावतो, तो भांग. मुळे काढणाऱ्यांसाठी महत्त्वाचे दिवस म्हणजे उधाणानंतरचे चार-पाच, कारण तेव्हा गाळ दूरवर उघडा पडतो आणि ओहोटी नेमकी सकाळच्या शाळेच्या वेळेत येते.

आता तुम्ही हिशेबाचे काम करता म्हणून तुम्हालाच सोपवावी अशी एक गोष्ट सांगते. दोन-तीन महिन्यांनी मी शाळेच्या परवानगीने जुने हजेरीपट पाहायला घेतले. इंग्रजी तारखांप्रमाणे पाहिले तर गैरहजेरी कशीही विखुरलेली दिसत होती. कधी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, कधी तिसऱ्या, वार कोणताही. वरच्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांत 'पालक उदासीन' असे लिहिलेले होते. मी प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने चांदाची तारीख लिहीत गेले. दोन पाने भरून झाली आणि विखुरलेले ठिपके रांगेत आले. गैरहजेरी चांदाच्या पहिल्या पाच तारखांना आणि पुन्हा पंधरानंतरच्या पाच तारखांना साचत होती, आणि तीही बहुतांशी पहिल्या दोन तासांची. पालक उदासीन नव्हते, त्यांचे वेळापत्रक वेगळे होते. महिन्यातले आठ-दहा दिवस पहिल्या दोन तासांना नवा पाठ न घेता उजळणी घ्यायची, एवढ्या एका बदलाने जे साधले ते माझ्या आधीच्या सगळ्या गृहभेटींनी साधले नव्हते. तुम्ही पहिल्या दिवशी एकच कागद भरणार असाल तर तो असा भरा : चांदाची तारीख, भरतीची वेळ, वर्गातली डोकी.

त्या गुरुवारी मी दुपारी तीनपर्यंत धक्क्यावरच थांबले. खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला असल्यामुळे मोठ्या होड्यांना भरतीखेरीज आत येता येत नाही. त्या बाहेर थांबतात आणि पाणी चढू लागले की एकापाठोपाठ एक येतात. होडी दिसल्यापासून धक्क्याचे रूप पालटले. बर्फाच्या लाद्या फोडल्या जाऊ लागल्या, टोपल्या रांगेत लागल्या, बांगडा आणि तारली यांचे ढीग पडले आणि लिलावाला तोंड फुटले. लिलाव पुकारणारा रकमा इतक्या झपाट्याने बोलत होता, की मला आकडे ऐकू येत होते पण व्यवहार कळत नव्हता. माझ्या शेजारी उभा असलेला सातवीतला मुलगा मला तो उलगडून सांगत होता : एकूण विक्रीतून डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च आधी वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे होडी, जाळी आणि माणसे यांच्यात वाटे पडतात, त्यात तांडेलाचा वाटा खलाशापेक्षा मोठा. त्याचा मामा खलाशी होता आणि मामाच्या वाट्याला किती येतील हे त्याने तोंडी काढले. त्याच मुलाला शाळेत गुणोत्तर-प्रमाण येत नाही, अशी नोंद मी सकाळीच वाचली होती.

लिलाव रंगात असतानाच मशिदीतून असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेची, बांग झाली. इथे एक बारकावा सांगून ठेवते, कारण तो शहरातल्या मुस्लिम मित्रांना विचारूनही कदाचित कळणार नाही. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई मताचे आहेत, तर उत्तर भारतातले आणि दख्खनमधले बहुसंख्य हनफी; हे दोन्ही सुन्नी मुसलमानांचे धर्मशास्त्रीय पंथ. शाफई मताप्रमाणे असरची वेळ हनफींपेक्षा बरीच लवकर लागते. मी शहरातून एक छापील वेळापत्रक आणले होते आणि त्याच्या आधारे दुपारी चार ते पाच असा वर्ग ठरवून ठेवला होता; तो नेमका नमाजेवर आदळला असता. वेळा गावच्या मशिदीच्या फळ्यावर पाहाव्यात. शुक्रवारी मात्र दुपारचे काहीच ठरवू नये. मी होते त्या गावात जुम्म्याला बहुतेक होड्या पाण्यात जात नसत, त्यामुळे पुरुषमंडळी घरी सापडण्याचा तोच एक भरवशाचा दिवस होता, पण सकाळी किंवा असरनंतर.

भेटायचे कोणाला, तर प्रथम शाळेला. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यातले किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. या समितीतल्या दोन-तीन बायकांशी शाळेच्या आवारातच ओळख करून घ्या. तुमच्यासारख्या तरुण पुरुषाला घरातल्या स्त्रियांशी बोलण्याचा तो सरळ आणि सर्वांना मान्य असा मार्ग आहे. त्यानंतर जमातीच्या प्रमुखांना भेटा. जमात म्हणजे गावच्या मुस्लिम वस्तीची पंचायतवजा व्यवस्था. मशीद, कबरस्तान, लग्नकार्ये, आपसातले तंटे हे सगळे ती पाहते. त्यांची परवानगी मागायची नसते, तुम्ही कोण आणि किती दिवस राहणार हे त्यांच्या कानावर घालायचे असते. या दोहोंत फरक आहे आणि तो तिथली वडीलधारी माणसे अचूक ओळखतात. तिसरी भेट मक्तबमधल्या उस्तादांची. मुले पहाटे किंवा मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेनंतर, त्यांच्याकडे कुराण वाचायला जातात आणि तुमच्या वर्गाची वेळ त्यांच्याशी बोलूनच ठरू शकते. आमच्या उस्तादांनी पहिल्याच भेटीत मला त्यांची असर ते मगरिबमधली मोकळी वेळ देऊ केली आणि वर त्यांच्या खोलीतला फळाही दिला.

टाळायच्या गोष्टी थोड्याच. भरतीच्या वेळी कोणाला थांबवून बोलत राहू नका. न विचारता छायाचित्रे काढू नका, विशेषतः चिखलात काम करणाऱ्या बायकांची. त्या कपड्यांत आणि त्या अवस्थेत आपले छायाचित्र निघावे असे तुमच्या आईलाही वाटणार नाही. आणि निघताना "मी पुन्हा येईन" असे म्हणू नका, तारीख सांगा.

प्रश्न : मी ठाण्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीत एका खाडीकाठच्या गावातील उर्दू शाळेच्या मुलांचे मराठीचे वर्ग घेणार आहे. त्यांची भाषा उर्दू असल्यामुळे मराठी त्यांच्यावर लादल्यासारखे होईल का, अशी शंका मनात येते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे आणि ते बहुतेकांचे असते, माझेही होते. मुलांची शाळा उर्दू माध्यमाची आहे, पण म्हणून त्यांची घरची भाषा उर्दू आहे असे नाही. कोकणी मुसलमानांच्या घरात कोकणी बोली बोलली जाते आणि ती रत्नागिरीकडच्या मराठी बोलींच्या इतकी जवळ आहे, की दोन दिवसांत तुमच्या कानाला ती उमगू लागेल. उर्दू ही त्यांची शाळेची आणि धार्मिक वाचनाची भाषा आहे, अरबी ते केवळ पठणासाठी शिकतात आणि मराठी एसटीत, बाजारात आणि तलाठ्याकडे लागते. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा ती त्यांच्या वेळापत्रकात आहेच. आठ वर्षांचे मूल चार भाषांच्या मध्ये उभे असते आणि आपण त्याला भाषेत कच्चे म्हणतो.

सुरुवात दर्यापासून करा. आपल्या समुद्रविषयक मराठीचा मोठा भाग त्यांच्या आणि आपल्या सामाईक मालकीचा आहे. दर्या, बंदर, लंगर, नाखवा हे शब्द फारशीतून आले, मोसम अरबीतून आला. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असतात. पुण्या-ठाण्याच्या मुलांना ते पाठ करावे लागतात आणि परीक्षेत हमखास उलटे लिहिले जातात. मतलई हा शब्द अरबी 'मतला' म्हणजे उगवतीची जागा यावरून आला आहे, कारण आपल्याकडे जमिनीवरचा वारा पूर्वेकडून येतो. मी हा पाठ घेतला तेव्हा फळ्यावर दोन्ही नावे लिहून फक्त विचारले, की पहाटे होडी बाहेर काढताना कोणता वारा पाठीशी असतो. सगळ्या वर्गाने एका आवाजात मतलई म्हटले. मग तो जमिनीवरूनच का येतो हे समजावण्याचे काम माझे होते आणि ते दहा मिनिटांत झाले.

लिपीची अडचण मात्र खरी आहे आणि ती हलकी समजू नका. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे मूल मराठीची वही आपल्या दृष्टीने शेवटच्या पानापासून उघडते. पहिल्या वर्गात एका मुलाने अतिशय नेटके 'बंदर' लिहिले होते, पण आधी र, त्याच्या डावीकडे द, मग बं, म्हणजे शब्द तयार झाल्यावर अगदी बरोबर दिसत होता. तो कोणत्या बाजूने लिहिला हे मी शेजारी उभी होते म्हणूनच मला कळले. ऱ्हस्व वेलांटीपाशी हे सगळे कोसळते, कारण ती उच्चाराच्या आधी लिहावी लागते. म्हणून पहिले काही दिवस वहीच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला मुलांकडूनच एक छोटी होडी काढून घेत असे; होडी जिथून सुटते तिथून लिहायला सुरुवात. लाल शाईने चुका दाखवण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त झाला. बालभारतीची पाठ्यपुस्तके उर्दूतही निघतात, तेव्हा त्याच इयत्तेचे उर्दू पुस्तक शेजारी ठेवा आणि मुलांकडून त्यातले शब्द वाचून घ्या. त्यांनी वाचायचे आणि तुम्ही शिकायचे, अशी दहा मिनिटे रोज असावीत.

प्रश्न : माझी मुलगी अशाच कामासाठी महिनाभर जाणार आहे. आमच्या घरात कोणी मासे खात नाही. तिथल्या लोकांनी आग्रह केला तर तिने काय करावे? पेहरावाचेही काही पथ्य आहे का?

उत्तर : तिने पहिल्याच घरी "मी मासे खात नाही" असे सरळ सांगावे. आज उपास आहे किंवा पोट बरे नाही अशा सबबी सांगू नयेत, कारण त्या दुसऱ्या दिवशी उघड्या पडतात आणि मग आपल्या हातचे खायला नको म्हणून ही खोटे बोलली असा अर्थ निघतो. तो अर्थ निघण्यामागे पुष्कळ जुने अनुभव आहेत. मासे खात नाही असे सांगितले, की एका वाक्यात विषय संपतो आणि तांदळाची भाकरी, नारळाची चटणी, कोरा चहा पुढे येतो. सणासुदीला सांदणे होतात, ती तिने अवश्य खावीत. तांदूळ आणि नारळाची ती वाफवलेली वडी शाकाहारीच असते. माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर मी मासे खाणारी, आणि तरीही पहिल्या दिवशी मुळ्यांचा रस्सा पुढे आला तेव्हा मनाची तयारी नव्हती, कारण सकाळीच त्यांना गाळातून निघताना पाहिले होते. खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागून घेतला.

पेहराव अंगभर असावा आणि ओढणी जवळ असावी, एवढे पुरे. डोके झाकण्याची अपेक्षा पाहुण्या शिक्षिकेकडून कोणी केल्याचे मला आठवत नाही. रमजानचा महिना त्यात येत असेल तर दिवसा मुलांसमोर पाणीसुद्धा आडोशाला प्यावे, हा शिष्टाचाराचा भाग. चिखलात उतरायचे असेल तर घोट्याला बांधता येईल अशी चप्पल न्यावी, कारण शिंपल्यांनी तळपाय कापतात.

प्रश्न : आमच्याकडे या लोकांना 'दालदी' म्हणतात. हा शब्द वापरावा का? आणि यांना मुस्लिम कोळी म्हटले तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दालदी हे कोकणातल्या मासेमारी करणाऱ्या मुस्लिम समाजाचे जुने नाव आहे. 1880 साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरमध्येही ते आढळते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खारवी, गाबीत, भोई आणि दालदी असे वेगवेगळे मच्छीमार समाज शेजारी-शेजारी राहतात. कोळी हे नाव प्रामुख्याने रायगड, मुंबई आणि पालघरकडचे. तेव्हा मुस्लिम कोळी म्हणणे हे जोडकाम आहे आणि दोन्ही बाजूंना ते पटणार नाही. दालदी हा शब्द मात्र कोण, कोणत्या सुरात उच्चारतो यावर त्याचा अर्थ ठरतो. शेतीवाडी असलेल्या किंवा व्यापारी घरांतून तो कमीपणा दाखवण्यासाठी वापरलेला मी ऐकला आहे, हिंदूंकडून आणि मुसलमानांकडूनही. आणि त्याच शब्दाचा अभिमानाने उच्चार करणारे तांडेलही पाहिले आहेत. बाहेरच्या माणसाने गावाचे नाव घ्यावे आणि 'मच्छीमार' म्हणावे. ते स्वतःला काय म्हणवून घेतात हे चार दिवसांत कानावर पडतेच.

जाता जाता, पुण्याच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी पहिल्या भेटीत काय न्यावे असेही विचारले आहे, ते वर राहून गेले. मिठाई नेऊ नका, ती कोणत्या घरात द्यायची हा पेच पडतो. तिथी आणि मुस्लिम तारीख दोन्ही छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका शाळेसाठी न्या. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांभोवती मुलांकडून लाल रेघ मारून घ्या. त्या काळात होड्या धक्क्यावर ओढलेल्या असतात, वडील घरी असतात, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पालकसभा भरवायची तर त्याच दिवसांत. तुमची रजा एप्रिलअखेर संपत असेल, तर ती पुढे ढकलता येते का हे कंपनीत आधी विचारून पाहा.